सुधारणा फक्त क्लुनीतूनच नव्हे

महोदय,
युरोपातील मध्ययुगीन मठांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. सरदार घराण्यातील बिशपांमुळेच मठ बिघडले आणि सुधारणा आली ती फ्रान्समधील क्लुनी मठातून, हा त्यातला निष्कर्ष मला अर्धवट वाटतो.

लोरेनमधील (आजच्या ईशान्य फ्रान्समधील) गोर्झ मठाचे उदाहरण पाहावे. आठव्या शतकात मेट्झचा बिशप क्रोडेगांग याने स्थापलेला हा मठ दहाव्या शतकाच्या सुरुवातीला पार मोडकळीला आला होता. त्याच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती गेल्या होत्या. 929 मध्ये मेट्झचा बिशप झालेला अडाल्बेरो हा काउंट विगेरिकचा मुलगा, म्हणजे लेखात टीका झालेल्या वर्गातलाच. कडक व्रताच्या ओढीने काही धर्मसेवक इटलीला निघण्याच्या बेतात होते. त्यांना थोपवण्यासाठी त्याने 933 च्या सुमारास गोर्झच त्यांच्या हवाली केला. त्यांच्यातला आइनोल्ड मठाधिपती झाला आणि संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेला नियम पुन्हा लागू झाला. पुढे तिथलाच योहान नावाचा मठवासी पहिल्या ऑटोचा (तेव्हा तो राजा होता, सम्राट नंतर झाला) दूत म्हणून थेट स्पेनमधील कोर्दोबाच्या खलिफाकडे गेला.

अडाल्बेरो काही संत नव्हता. मठाच्या जमिनी परत द्यायला त्यानेही वेळ लावला, असे योहानच्या चरित्रावरून दिसते. पण त्या सोडवायच्या तर समोर सरदारच होते, आणि त्यांच्याशी बरोबरीने बोलू शकेल असा माणूस त्यांच्यातलाच हवा होता. क्लुनीचे संस्थापकही अक्विटेनचे ड्यूक विल्यमच होते, हे लेखकाच्या नजरेतून कसे सुटले?

— एक वाचक, पुणे