युझू म्हणजे ‘जपानी लिंबू’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील एका पाककृतीत युझू या लिंबूवर्गातल्या फळाला ‘जपानी लिंबू’ म्हटले असून, ते न मिळाल्यास तेवढाच लिंबाचा रस घालावा, असे सुचवले आहे. जपानातला जवळजवळ निम्मा युझू ज्या कोची प्रांतात पिकतो, तेथे नोकरीनिमित्त काही वर्षे राहिलो असल्याने ही दुरुस्ती कळवावीशी वाटली.

युझू मूळचा जपानचाही नाही. चीनमधील इचांग पापेडा हे रानटी झाड आणि मँडरिन संत्रे यांच्या संकरातून तो झाला आणि तेथून कोरिया व जपानमध्ये गेला. लिंबूवर्गातला असूनही तो उणे नऊ अंशांपर्यंतची थंडी सोसतो. झाडाला लांब, टोकदार काटे असतात, त्यामुळे तोडणी जिकिरीची. बी लावून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला इतकी वर्षे लागतात, की पीच आणि चेस्टनटला तीन वर्षे, पर्सिमनला आठ, तर खुळ्या युझूला अठरा, अशी म्हणच तिकडे आहे. म्हणून बागायतदार त्रिपर्णी संत्रे या लिंबूवर्गातल्याच झाडाच्या खुंटावर कलम बांधतात.

फळ चिरले की बियाच बिया दिसतात आणि रस जेमतेम निघतो. मोल आहे ते खडबडीत पिवळ्या सालीला. झाकणाच्या वाटीत गरम सूप ओतून त्यावर नखाएवढी साल ठेवतात, आणि जेवणाऱ्याने झाकण उचलताच जो दरवळ येतो, तो लिंबाच्या रसातून कितीही पिळले तरी यायचा नाही. हिरवी साल, मिरची आणि मीठ वाटून केलेले ‘युझू कोशो’ (खरे तर आपल्या ठेच्याचेच भावंड) असो, कोरियातला साखरेत मुरवलेल्या कापांचा चहा असो, की जपानात वर्षातील सर्वांत लहान दिवशी अख्खी फळे तरंगत ठेवून केलेले गरम पाण्याचे स्नान असो, सारी मदार सालीच्या वासावरच असते.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातील महाळुंगही असेच जाड सालीचे आणि कमी रसाचे. त्याला कुणी ‘मोठे लिंबू’ म्हटलेले आपल्याला रुचेल का?

तेव्हा पर्याय द्यायचाच असेल, तर लिंबाची आणि संत्र्याची साल, आतला पांढरा कडू भाग येऊ न देता, किसून घालण्यास सांगावे. नाव मात्र युझू असेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे