ईस्टर अजून संपलेला नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेचा (येशूच्या मरणाच्या वाटेवरची चौदा स्थानं घेत करायची प्रार्थना) फोटो तुम्ही छापता, ईस्टरनंतर 'उत्साहात साजरा' म्हणून बातमी पण येते, त्याबद्दल आधी थँक्यू. पण मग विषय संपतो. तक्रार तुमच्याबद्दल नाहीच खरं तर, कारण आमच्याकडं पण तो तिथंच संपतो. यंदा (2026) 5 एप्रिलला ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतनं उठला तो सण, झाला आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण, आहे 24 मेला, म्हणजे हे मधले पन्नास दिवस सगळा ईस्टरच, पण बेळगावच्या कॅम्पात नाहीतर खानापूरकडच्या एखाद्या खेड्यात कुणाला सांगून बघा, 'हो का?' म्हणतील, आणि त्यात आमची कॅथलिक माणसं पण असतील.

ईस्टरआधीचा उपवासकाळ मात्र आम्हाला बरोबर जमतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख, मग मटण बंद, कुणाची दारू बंद, दर शुक्रवारी क्रुसाची वाट, ऑफिसातनं हाफ डे टाकून येणारे पण असतात. पवित्र आठवड्यात चर्चमधे पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी रात्री अंधारात ती मोठी पास्काची मेणबत्ती पेटते, तिच्यावरनं एकेकाची पेटत मागच्या बाकापर्यंत उजेड येतो, आणि अख्ख्या उपवासकाळात न म्हटलेलं आलेलुया परत सुरू होतं तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी बिर्याणी, कुंदा, पाहुणे. आणि पुढच्या रविवारी निम्मी बाकं रिकामी, कॉयर सुट्टीवर, पोरं मामाच्या गावाला, आणि लग्नांचा सीझन सुरू (उपवासकाळात सहसा लग्नं लावत नाहीत, त्यामुळं सगळी रांगेत थांबलेली असतात). मला तर वाटतं दुःख कसं करायचं ते आम्हाला लहानपणापासनं पद्धतशीर शिकवलंय, आनंद कसा करायचा ते कुणी शिकवलंच नाही, एक जेवण झालं की झाला आनंद.

चर्चनं मात्र त्याची सोय केलेली आहे हां. ईस्टरचे पहिले आठ दिवस तर एकच मोठा सण म्हणून धरतात. पन्नास दिवस फादरांचा झगा बहुतेक पांढरा (पेंटेकॉस्टला लाल), पहिलं वाचन जुन्या कराराऐवजी बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधनं, मरियेच्या दुपारच्या एंजलस ह्या प्रार्थनेच्या जागी तिचीच रेजिना चेली, आणि ती मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत वेदीजवळ. त्यानंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जाते आणि बाप्तिस्म्याला नाहीतर मयताला पेटते. गेल्या वर्षी पोप फ्रान्सिस वारले ते 21 एप्रिलला, सगळ्या पेपरांनी लिहिलं ईस्टर झाल्यावर दुसऱ्या दिवशी, पण चर्चच्या हिशोबानं ईस्टर चालूच होता, 26 तारखेला त्यांना पुरलं तो शनिवार पण त्याच आठ दिवसांतला, आणि त्यांच्या पेटीशेजारी ती मेणबत्ती जळत होती. टीव्हीवर तासन् तास दाखवलं सगळं, ही मेणबत्ती कसली ते सांगताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

आता आनंद म्हटलं की लोकांना डीजे आठवतो. पण ह्या आठवड्यांत चर्चमधे जी शुभवर्तमानं (बायबलातल्या येशूच्या हकीकती) वाचतात ती नीट ऐका, त्यात कुणी नाचत नाही. येशूच्या मागं आलेली मरिया माग्दालेना कबरीबाहेर रडत उभी आहे, समोर येशू आहे आणि तिला तो माळी वाटतो, नावानं हाक मारल्यावर कुठं ओळखते. (आणि पहिली बातमी तिनं आणि बरोबरच्या बायकांनी शिष्यांना नेऊन दिली, त्यांनी ती बडबड समजली, लूकच्या शुभवर्तमानात तसं स्पष्ट लिहिलंय. पोप फ्रान्सिसनी 2016 ला तिच्या दिवसाला प्रेषितांच्या बरोबरीचा सण केला, तोवर किती शतकं गेली बघा.) शिष्य दार लावून आत बसलेत, भ्यालेत. त्यांच्यातला थोमा तर म्हणतो हात लावून बघितल्याशिवाय मी मानणार नाही, आणि येशू त्याला ओरडत नाही, जखमा दाखवतो. मेलेला माणूस उठला पण हातावरचे व्रण तसेच राहिले, हे मला फार मोठं वाटतं, कारण आमच्याकडं कुणी दुःखातनं बाहेर आलं की लगेच सगळे म्हणतात विसर आता. हे वाचन ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी असतं, दरवर्षी. 2000 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो रविवार दैवी दयेचा म्हणून ठरवला, नेमका तोच, जेव्हा आमची बाकं रिकामी असतात.

मग ते दोघं शिष्य, अम्माऊस गावाला निघालेले. जेरुसलेमपासनं साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे बेळगावातनं सांबऱ्याला चालत गेल्यासारखं. येशू वाटेत येऊन बरोबर चालतो, त्यांना कळत नाही, आणि ते त्यालाच सगळी हकीकत सांगतात आणि मधे म्हणतात, आम्हाला आशा होती की हाच इस्राएलला सोडवणार. होती. 1956 पासनं सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, आमच्या दोन पिढ्या तेच म्हणत गेल्या. पण इथं मला राजकारण नाही करायचं, सांगायचं एवढंच की निराश होऊन उलट्या दिशेला चाललेल्या माणसांना त्यानं आधी थांबवलं नाही, त्यांच्याबरोबर उलट्या दिशेला चालत गेला, जेवायला बसला, भाकर मोडली तेव्हा त्यांनी ओळखला, आणि रात्र झाली असताना ते तसेच उठून परत जेरुसलेमला आले.

सगळ्यात आवडतं मात्र योहानाच्या शेवटच्या अध्यायातलं. शिष्यांना रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नाही, पहाटे काठावर कोणीतरी उभा आहे, म्हणतो उजवीकडं टाका, आणि 153 मासे. काठावर येऊन बघतात तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, भाकरी, आणि देव म्हणतोय या, न्याहारी करा. आता हा कोळशाचा विस्तव लक्षात ठेवा, कारण योहानाच्या शुभवर्तमानात तो आणखी एकदाच येतो, प्रमुख याजकाच्या अंगणात, येशूला पकडल्यावर थंडीत त्याचा शिष्य पेत्र शेकत उभा असतो आणि तीनदा येशूला नाकारतो. तसल्याच विस्तवापाशी खाऊ घालून झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तू असं का केलंस हे एकदा पण विचारत नाही. घरात भावाभावांत जमिनीवरनं बोलणं बंद असतं, अशी किती घरं प्रत्येक गावात आहेत, त्यातली क्रुसाच्या वाटेला मोठा क्रूस खांद्यावर घेणारी पण आहेत. उपवासकाळात मटण सोडणं सोपं आहे हो. भावाला न्याहारीला बोलवायचं आणि जुनं काढायचं नाही, हा ईस्टरचा नेम मला जास्त अवघड वाटतो, आणि पन्नास दिवस त्यालाच दिलेत असं मी धरून चालतो.

करता येण्यासारखं बरंच आहे. क्रुसाची वाट असते तशी पुनरुत्थानाची पण चौदा स्थानांची 'प्रकाशाची वाट' आहे, व्हॅटिकनच्या 2001 च्या मार्गदर्शिकेत तिचं नाव घेऊन शिफारस आहे, पण आमच्या पॅरिशमधे काही ती मी बघितली नाही. आणखी एक, आपल्या गावांत ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, सात दिवस अख्खा गाव मांडवात असतो. आपल्याकडं पण फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण आहे की, 1616 ला छापलेलं, मराठीत, ओव्यांत, गोव्यातल्या चर्चमधनं ते एके काळी गायलं जायचं. बेळगाव धर्मप्रांत वेगळा झाला तो 1953 ला, त्याआधीचं आपलं नातं गोव्याशी पण. मग ह्या पन्नास दिवसांतले सात दिवस संध्याकाळी तासभर त्यातलं पुनरुत्थान मोठ्यानं वाचलं तर काय बिघडतं? शेजारच्या वारकरी काकांना ओवी ऐकू आली तर ते पण येऊन बसतील, मला खात्री आहे.

राहता राहिला पेंटेकॉस्ट. त्या दिवशी जेरुसलेममधे देशोदेशीची माणसं जमलेली, पार्थी, मेदी, एलामी, आणि शिष्य बोलायला लागले ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. सगळ्यांना एक भाषा शिकवली नाही देवानं. आमच्याकडं घरात कोकणी, बाजारात मराठी, ऑफिसात कन्नड, शाळेत इंग्लिश, आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) कुठल्या भाषेतली किती वाजता यावरनं कुरबुरी, बाहेर दुकानाच्या पाट्यांवरनं काय चालतं ते तुमच्याच पेपरात रोज वाचतो, त्यामुळं बेळगावात तरी हा सण जोरात व्हायला पाहिजे. बघणाऱ्यांना तेव्हा वाटलं ही माणसं प्यालीत, आणि पेत्रानं उभं राहून सांगितलं की बाबांनो, आत्ता कुठं सकाळचे नऊ वाजलेत. आमच्या रविवारच्या नऊच्या मिस्सेतनं बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघून असा संशय कुणाला येणार नाही.

तर विनंती एवढीच, 24 मेच्या अंकात पेंटेकॉस्टबद्दल चार ओळी छापा, ईस्टर त्या दिवशी संपतो असं लिहा. फोटो पाहिजे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, मी पाठवतो.

आपला,
एक वाचक, कॅम्प, बेळगाव