पाळी गेल्यानंतरचं वजन आणि पिशवीचा कॅन्सर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की पुरवण्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर भरपूर छापून येतं. गाठ कशी चाचपावी, मॅमोग्राफी कधी करावी, सगळं असतं. वजनाचा विषय मात्र ‘संतुलित आहार घ्या’ एवढ्यावर उरकतात. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांसाठी ते पुरेसं नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेले १३ कॅन्सर सांगितले. पाळी गेल्यानंतर होणारा स्तनाचा, गर्भपिशवीच्या अस्तराचा, अंडाशयाचा, मोठ्या आतड्याचा, पित्ताशयाचा, मूत्रपिंडाचा, असे बरेच त्यात आहेत. पण वजनाचा हात सगळ्यांत सारखा नाही. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ५ ने वाढला तर पाळी गेलेल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण १२ टक्के वाढतो, आणि अस्तराच्या कॅन्सरचा ५० ते ६० टक्के. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईला हे ५ म्हणजे सव्वाअकरा किलो. पहिलं बाळंतपण ते पहिलं नातवंड एवढ्या काळात तेवढं वजन कुणाच्या लक्षातही न येता चढतं.

पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन (स्तन आणि अस्तर वाढवणारं बायकी हार्मोन) संपलं, हा समज चुकीचा आहे. अंडाशय थंडावतं, पण अॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करण्याचं काम चरबीतलं अॅरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) करतच राहतं. चरबी जितकी जास्त तितकं इस्ट्रोजेन जास्त. त्यात पोटावरच्या चरबीमुळे इन्शुलिन वाढतं, इन्शुलिनमुळे या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं, आणि मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढतं. पाळी चालू असते तोवर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन अस्तराची वाढ रोखतं आणि महिन्याला ते अस्तर पडून जातं. नंतर रोखणारं कुणी उरत नाही; अस्तर जाड होत जातं आणि काहींच्या पेशी बिघडतात. पाळी चालू असताना मात्र जाड बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा कमीच आढळतो. पाळी गेली की हिशेब उलटतो. तेव्हा ‘मी पहिल्यापासून अशीच आहे, काही झालं नाही’ यात दिलासा मानू नये.

आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. दीडशे सेंटिमीटरला पंचवीस म्हणजे सव्वाछप्पन्न किलो, आणि बऱ्याच जणी हा आकडा ऐकून हसतात. पण एकट्या वजनकाट्यावर विसंबू नये. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. बायकांच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. मोजताना परकराची नाडी सैल करायची, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. साडीवरून टेप लावला तर निऱ्यांचीच जाडी मोजली जाते, आणि नाडीच्या जागी लावला तर पोटाचा खरा घेर वरच राहतो.

हा घेर आशाताई भरून घेतात त्या तिशीपुढच्यांच्या तपासणी फॉर्ममध्ये आहे: ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यावर दोन. त्याच फॉर्मवर ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का’ हाही प्रश्न आहे. माझ्या मते म्हाताऱ्या बाईसाठी अख्ख्या कागदावर याहून मोलाचा प्रश्न नाही. तो सुनेसमोर, दारात उभं राहून विचारला तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

अस्तराच्या कॅन्सरच्या दहातल्या नऊ बायकांना असा रक्तस्राव झालेला असतो. उलट असा रक्तस्राव होणाऱ्या दहा जणींत साधारण एकीला कॅन्सर निघतो, त्यामुळे घाबरून जायचं नाही, पण थांबायचंही नाही. बारा महिने पाळी न आल्यावर पडलेला एक डागसुद्धा मोजायचा. ‘उष्णता झाली’, ‘मूळव्याध असेल’, ‘पाळी परत आली’ म्हणून महिने जातात. दुसरी चूक पॅप तपासणीची. ती गर्भपिशवीच्या तोंडासाठी असते. ती नॉर्मल आली म्हणजे अस्तर ठीक आहे असं नाही. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी, जास्त असेल तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन तपासतात. हे बहुधा ओपीडीत, भूल न देता होतं. अस्तर पातळ आहे म्हणून सोडून दिलं आणि पुन्हा डाग पडला, तर तुकडा घ्यायलाच हवा. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर एक डागही लपवू नये. अस्तराचा कॅन्सर पिशवीपुरताच असताना सापडला तर दहातल्या नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात.

(यावरून ‘मग पिशवीच काढून टाका’ असं कुणी सुचवू नये. कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात गाजला आहे. शिवाय पिशवी गेली तरी चरबी जागेवरच राहते.)

वजन कमी करून या वयात काय होणार, असं विचारतात. अमेरिकेतल्या ५० ते ७९ वयाच्या बायकांच्या मोठ्या अभ्यासात पाच टक्के किंवा जास्त वजन उतरलेल्यांत अस्तराचा कॅन्सर २९ टक्के कमी आढळला. सत्तर किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. ते सहा महिन्यांत जमतं. सुरुवात तेलापासून करावी: बैठं काम असेल तर माणशी दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या आसपास. दुसरं, उपवास. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप यांची एक भरली बशी साडेपाचशे-सहाशे कॅलरींची होते आणि तिच्यात प्रथिनं नावालाच. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचे दहा-दहा फेरे दिवसातून तीनदा करावेत; मांड्यांचे स्नायू टिकले की चालणं आपोआप वाढतं. मात्र काहीही न करता वजन उतरायला लागलं, तर ‘छान बारीक झालात’ म्हणण्याऐवजी त्या बाईला आधी डॉक्टरकडे न्यावं.

— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा