खासबाग आणि नाट्यगृह यांचा विचार एकत्र व्हावा

प्रति,
माननीय आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका

स.न.वि.वि.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले आणि दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती, हा योग शहराच्या मनातून अजून गेलेला नाही. त्या आगीत नाट्यगृहाच्या पाठीला लागून असलेले खासबाग कुस्ती मैदानाचे व्यासपीठही सापडले. तरीही पुढची बहुतेक चर्चा नाट्यगृहापुरतीच राहिली, म्हणून हे पत्र.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी खासबागेची कल्पना केली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. मैदान १९१२ मध्ये उभे राहिले आणि तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याला पाठ लावून पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, झाले. आज बहुउद्देशीय क्रीडासंकुल या नावाने जे मांडले जाते, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होते. जून ते सप्टेंबर पावसाने कुस्तीचा हौद बंद राही, तेव्हा शेजारच्या छपराखाली नाटक चाले. दिवाळीनंतर मैदानाची पाळी येई.

मैदानाची रचना बशीसारखी खोलगट आहे. मध्ये तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेला उतार असल्यामुळे अगदी मागे बसलेल्या माणसालाही घिस्सा कोणी मारला आणि ढाक कोणाची बसली, हे स्पष्ट दिसते. मी आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेली पहिली कुस्ती फारशी आठवत नाही. ताक, हळद, लिंबू आणि तेल मुरलेल्या मातीचा वास मात्र आठवतो. ती माती वर्षानुवर्षे कसून तयार होते. जड वाहने आणि मंडपाचे खांब तिच्यावर आले, तर ती पुन्हा तयार करायला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो.

म्हणून पहिली विनंती हौदाविषयी आहे. संगीताचे कार्यक्रम, शाहिरी, मर्दानी खेळ, मुलांची नाटके, कबड्डीचे सामने हे सगळे खासबागेत अवश्य व्हावे, पण त्यांची जागा व्यासपीठ आणि त्यापुढचा भाग हीच ठरवावी, आणि हौदाला काढता-घालता येणारे आच्छादन असावे. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते, हे मान्य आहे. मॅट मातीवर न अंथरता स्वतंत्र चौथऱ्यावर घातली, तर दोन्ही प्रकारचे मल्ल एकाच आवारात सराव करू शकतील.

दुसरी विनंती कुटुंबांविषयी आहे आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. मैदानातली कुस्ती ही पुरुषांनी पाहायची गोष्ट, असा समज आपल्याकडे बराच काळ होता. परंतु मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गावोगावच्या मुली तालमीत येऊ लागल्या आहेत. त्यांच्या आया, बहिणी आणि धाकटी भावंडे खासबागेत आली, तर त्यांना स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वृद्धांना बसता येईल असा सावलीचा भाग आणि गर्दीत चेंगराचेंगरी होणार नाही अशा बाहेर पडण्याच्या वाटा हव्यात. यातले काहीच भव्य नाही, त्यामुळे निविदेच्या कागदांत ते शेवटी टाकले जाण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट थोडक्यात. व्यासपीठ आणि नाट्यगृह यांच्यातील वीजवाहिन्या आणि अग्निशमन व्यवस्था यांचा आराखडा एकच असावा, कारण एकीकडची ठिणगी दुसरीकडे पोहोचू नये यासाठी भिंतीचा अडथळा पुरला नाही.

या आराखड्यावर तालमींचे वस्ताद, रंगकर्मी आणि शेजारच्या पेठांतील रहिवासी यांची एकत्र बैठक मैदानातच घ्यावी, ही विनंती. शक्यतो ती पावसाळ्यात घ्यावी, म्हणजे पाणी कुठे साठते आणि कुठे वाहते, हे सर्वांनाच जागेवर दिसेल.

कळावे,
आपला,
कोल्हापुरातील एक नागरिक