वस्ताद, तुम्ही आमच्या आत्यांशी खोटं बोललात, त्याबद्दल आभार

वस्ताद काका, नमस्कार.

समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "चहा टाक जा आधी" म्हणून विषयच मोडताय, म्हणून इथं लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच तुम्हाला. आणि हे सगळं आत्यांना विचारून लिहितेय बरं का, त्या काय म्हणाल्या ते शेवटी सांगते.

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे. आत्या (माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात) बाथरूममध्ये स्टुलावर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मी पतसंस्थेत काउंटरला, हे शिरोलीला फाउंड्रीत, पोरं शाळेत. पाऊण तास तशाच बसून होत्या, कुणाला हाक मारायची लाज वाटली म्हणे. शेवटी बादली उपडी घातली, तिच्यावर हात टेकून कशाबशा उठल्या. आणि त्यानंतर ह्या बाईनं काय करावं? पाणी पिणंच कमी केलं! म्हणजे सारखं उठायला नको. मला हे कळलं महिन्यानं, सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तस्साच दिसायला लागला तेव्हा. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाला आलं तेव्हा हीच बाई तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन तीन मजले चढली होती, आणि आता स्टुलावरनं उठायला बादली लागतेय, हे बघून माझं काय झालं असेल सांगा.

तुमच्या आधी आम्ही कुणाकुणाकडं गेलो ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही शिव्याच घातल्या असत्या. एका डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, वय झालंय, वजन कमी करा, रोज चालत जा. अहो, जिला खुर्चीतनं उठता येत नाही ती चालत कुठनं जाणार? हे विचारलं तर पुढच्या पेशंटची बेल वाजवली. मग एक डाएटवाल्या मॅडम झाल्या. भात बंद, भाकरी बंद, रस्सा तर नावच काढायचं नाही, आणि वर त्यांच्याकडचा पावडरीचा डबा घ्यायचा. आत्यांनी ती पावडर दोन दिवस प्यायली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ह्यापेक्षा म्हशीची पेंड बरी. ह्यांनी तर ऑफर आहे म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरून जिम लावली, पहिल्याच दिवशी तिथल्या पोरानं एवढं वजन उचलायला लावलं की कमरेत उसण भरली, आठवडाभर झोपून. वर्षभर कुणाचा एक फोन नाही, काय हो आला नाहीत, मेला का जिवंत आहे. वर्ष संपत आलं तेव्हा मात्र आला फोन, रिन्यू करायचा.

आणि पाहुणे! "आता ह्या वयात कशाला व्यायाम न् बियाम, देवाचं नाव घ्या." देवाचं नाव घ्यायला अंबाबाईला जायचं तर रिक्षातनं उतरता येत नव्हतं त्यांना.

तुम्ही आलात ते गणपतीत, आमचा डबा परत द्यायला. आत्या तुमच्यासाठी उठायला गेल्या, दोनदा अर्ध्यातनं परत खाली बसल्या आणि हसून म्हणाल्या, बसा की वस्ताद. तुम्ही काहीच बोलला नाहीत, चहा प्यायलात, गेलात. मला वाटलं तुमच्या लक्षात पण आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दार वाजलं तर तुम्ही, एका हातात तुमच्या घरची लाकडी खुर्ची, काखेत दोन वाकळी.

त्या वाकळींचं आधी सांगू दे, कारण त्यातच सगळी विद्या होती हे मला उशिरा कळलं. आत्यांच्या खुर्चीवर तुम्ही दोन्ही वाकळी घड्या घालून ठेवल्या, म्हणजे बसायची जागा वीतभर उंच झाली. उंचावरनं उठायला गुडघ्याला कमी वाकायला लागतं, मांडीला कमी ताकद लागते, म्हणून पहिल्याच दिवशी त्या हात न टेकता उठल्या. पुढं दर दोन आठवड्यानं तुम्ही एक घडी कमी करत गेलात, न सांगता. आत्यांना वाटायचं आपण रोज तेच करतोय, आणि खुर्ची मात्र हळूहळू खाली चालली होती. दिवाळी होऊन गेल्यावर एक वाकळ निघाली, संक्रांतीला दुसरी.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. पहिल्या दिवशी तुम्ही तुमची खुर्ची आत्यांच्या समोर ठेवलीत आणि म्हणालात, "आक्का, मलाबी सांगितलंय डाक्तरनं, एकट्याला कट्टाळा येतोय, चला जोडीनं करू." दोघं समोरासमोर. एक, दोन, तीन. चौथ्याला आत्यांचा चेहरा लाल झाला, ओठ आवळलेले, पाचव्याला त्या उठल्या खऱ्या पण सहाव्याला जमणार नाही हे मला स्वयंपाकघराच्या दारातनं दिसत होतं. आणि त्याच क्षणाला तुम्ही धापा टाकत म्हणालात, "थांबा थांबा आक्का, गुडघं भरून आलं माझं, आज एवढंच बास." आत्या खूश! रात्री जेवताना ह्यांना सांगत होत्या, वस्ताद पैलवान असून पाचात दमले की रे.

मीही खरं धरलं. मग एका पहाटे नळाला पाणी आलं म्हणून मी मोटर लावायला गच्चीवर गेले तर पलीकडच्या गच्चीवर तुम्ही बैठका मारत होतात. अंधारात आधी ओळखलं नाही, मग ते मोडलेले कान दिसले. मी एकशे दहापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं, खाली टाकी भरून वाहायला लागली होती. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही आत्यांसमोर सातव्याला "दमलो".

जिन्यात तुम्हाला गाठून विचारलं तर तुम्ही इकडंतिकडं बघून हळूच म्हणालात, "कुस्ती जोड बघून लावायची असती बाळ."

काका, मला त्या दिवशी भांडी घासता घासता रडायला आलं, खरंच सांगते. आयुष्यभर ज्या माणसानं मैदानात कधी दम दाखवला नाही, त्यानं एका म्हाताऱ्या बाईचा मान राहावा म्हणून रोज संध्याकाळी हरायचं, आणि ते पण तिला कळू न देता! डॉक्टर, डाएट, जिम, सगळ्यांनी आम्हाला आमचं काय चुकतंय तेच ऐकवलं होतं.

बाकी घर आपोआप आलं मागनं. तुम्ही आत्यांना सांगितलंत, दूध तापत ठेवलं की ओटा धरून टाचा उचलायच्या, दूध वर येईपर्यंत. आता ते माझंच काम झालंय, आणि ह्या नादात दूध उतू जायचं बंद झालं हा वेगळा फायदा. एका पायावर उभं राहायचं, एक बोट ओट्याला, तोल सांभाळायला. त्याला तुम्ही "लंगडीची पहिली पायरी" म्हणालात आणि तेवढ्यावरनं धाकट्यानं गच्चीवर लंगडी सुरू केली, मोबाईल खाली ठेवून, हे लिहिताना पण खरं वाटत नाही. थोरली जोर मारते, दहा. आधी दोन पण येत नव्हते, तर तुम्ही भिंतीला हात लावून करायला लावलेत, मग पलंगाच्या काठाला, मग जमिनीवर. परत तेच, वाकळीची युक्ती! मिठाचे एक एक किलोचे पुडे आमची डंबेल्स आहेत. आमटीत पण तेच जातं नंतर.

आणि ह्यांना तर तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत, रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं बसायचं नाही. जेवल्यावर साखर चढते, त्याच वेळेला पायांना काम द्यायचं, मांडीचे पोटरीचे मोठे स्नायू हलायला लागले की रक्तातली साखर तेच ओढून घेतात. हे गच्चीवर फेऱ्या मारायला लागले, कधी गल्लीतनं गंगावेशीपर्यंत, तिथं कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं नाही ह्या अटीवर. ह्यांची तीन महिन्यांची साखर ६.३ होती, म्हणजे बॉर्डरच्या अगदी काठावर, ६.५ ला डायबेटीस धरतात. फेब्रुवारीत ५.८ आली. भाकरी चालूच आहे, रविवारचा पांढरा रस्सा पण, फक्त वाटी एकच.

मी खोडीनं नेटवर बघितलं हो, वस्ताद सांगतात ते बरोबर का. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० ला जे सांगितलंय त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, पोरांना सरासरी रोज ६० मिनिटं, आणि ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातनं तीन दिवस तरी तोल आणि ताकदीचा व्यायाम, पडू नयेत म्हणून. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत असं होतं, ती अट काढून टाकली. म्हणजे दूध तापेपर्यंतच्या टाचा पण हिशोबात धरायच्या! आणि मध्यम म्हणजे किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. हे तर तुम्ही पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, "बोलत ऱ्हावा आक्का, बोलणं तुटलं की थांबायचं." छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच डॉक्टरकडं, हे पण दर चार दिवसांनी बजावून सांगता. आत्यांना सुरू करायच्या आधी बीपी बघून यायला पण तुम्हीच लावलंत, दुसऱ्या डॉक्टरकडं. ते बरे निघाले, मान वर करून बोलतात.

एक मनातलं बोलू का. आपण कोल्हापूरवाले कुस्तीचा अभिमान लई सांगतो, शाहू महाराजांनी खासबागचं कुस्ती मैदान बांधलं, कुठंही बसा आखाडा दिसतो, सगळं खरं. पण आम्ही लहानपणी तालमीच्या दारातनंच आत बघायचो, पोरींनी आत पाय टाकायचा नाही. आत्यांनी तर ह्याच पेठेत जन्म काढला, घराच्या दोन्ही अंगाला तालमी, आणि ताकद कशानं येते हे त्यांना सत्तरीत पहिल्यांदा कुणी सांगितलं. तुम्ही ती तालीम खुर्ची वाकळीसकट आमच्या घरी आणलीत. आणि पैसे विचारले तर म्हणालात, "एक वाटी खीर, वेलदोडा जास्त." अशी माणसं गल्लीत असतात, आपल्यालाच माहिती नसतं, आपण आपले पॅकेज शोधत फिरतो.

चैत्रात आत्या अंबाबाईला जाऊन आल्या. रिक्षातनं स्वतः उतरल्या, मी हात पुढं केला तर म्हणाल्या, पिशवी धर. तांब्या आता दुपारीच रिकामा होतो.

आता त्या काय म्हणाल्या ते. परवा मी विचारलं, आत्या, वस्तादांचं ते दमायचं सोंग लिहू का, वाईट तर वाटणार नाही? त्या शेंगा सोलत होत्या, मान पण वर केली नाही. म्हणाल्या, "लिही की. मला पहिल्याच दिवशी कळालंय. दमलेला माणूस एवढं बोलतोय व्हय?"

तर काका, उद्यापासनं जरा कमी बोला, किंवा दहा जास्त मारा, त्या तुम्हाला सोडणार नाहीत. वाकळी धुवून वाळवून ठेवल्यात, धाकट्याबरोबर पाठवते. खुर्ची मात्र राहू दे म्हणताहेत.

तुमची,
पलीकडच्या गच्चीवरची सून