येळ्ळुरात येळ्ळूरकर सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आडनावांवर लेख आला होता. शेवटी 'कर' असला की घर मराठी आणि गावाचं नुसतं नाव असलं की कन्नड, असं त्यात ठामपणे लिहिलं आहे. मी ३४ वर्षं टपाल वाटलं, बहुतेक बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागात. ते वाचून गप्प बसवेना.

नोकरीच्या सुरुवातीला काही महिने बेळगावजवळच्या येळ्ळूर गावी बदलीवर होतो. मुंबईहून एक मनीऑर्डर आली. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही आडनाव येळ्ळूरकर. दोन गल्ल्या हिंडलो. देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "हितं येळ्ळूरकर कोण न्हाई, आणि म्हटलं तर सगळेच. बापाचं नाव सांग." घर निघालं पाटलांचं. पोरगा गिरणीत लागला तेव्हा हजेरीपटावर गावावरून नाव चढलं होतं. शीव ओलांडली की 'कर' लागतो, गावात राहिलेल्याला तो लागत नाही, हे मला तिथं कळलं.

निपाणीचे देसाई सिद्धोजीराव घ्या. आडनाव निंबाळकर, ते आलं फलटणकडच्या निंबळक गावावरून. निपाणीत त्यांचा अंमल बसला, तसे लोक त्यांना निपाणकर म्हणू लागले. एकाच माणसाला दोन गावांचे दोन 'कर'.

कन्नड घरांत 'कर' सहसा नसतो, पण गाव तसंच सोबत येतं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा, संसार हुबळीत, आणि नावात मात्र हनगल. विनायक कृष्ण गोकाक जन्मले सावनूरला. १९९० सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या गोकाकचं नाव देशभर गेलं. बेळगावचे संवादिनीवादक रामभाऊ विजापुरे यांच्या आडनावात 'कर'ही नाही आणि नुसतं विजापूरही नाही, शेवटी एक मात्रा तेवढी लागली आहे. आणि प्रभातच्या पडद्यावर १९३९ साली गाजलेल्या शांता हुबळीकर? मुलूख हुबळीकडचा, घरची बोली कन्नड, आणि आडनावाला चक्क 'कर'. लेखातला नियम इथं कुठं बसवायचा?

कुलकर्ण्यांचं तर विचारूच नका. माझ्या बीटात एकाच बोळात दोन कुलकर्णी होते. एकाकडे कन्नड मासिक यायचं, दुसऱ्याकडे मराठी. गावचा हिशेब ठेवणाऱ्याचं हे आडनाव. हिशेब मोडीत होता की कन्नडात, ते त्यावरून कसं कळणार? जी. ए. कुलकर्णी चिकोडीकडच्या एकसंब्यात जन्मले, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा लिहिल्या मराठीत. त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे राहत. घरात मराठी, आणि कविता अशी कन्नड की १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांच्याकडे आलं. सीमेवर आडनावावरून भाषा ठरवायला गेलं की अशा माणसांपैकी कुणाला तरी परकं म्हणावं लागतं, आणि ते मला सहन होत नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, इथले मराठी लोक निषेधाची काळी फीत लावतात; मीही लावतो, तरीही हे म्हणतो.

आता माझ्या घरचं सांगतो, कारण मागणी त्यातून आहे. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, गावात आम्ही सुतार. वडील बेळगावात कामाला आले आणि गावावरून 'कर' झाले. गेल्या वर्षी थोरला भाऊ गेला. निधन वार्ता आम्ही शहरातल्या आडनावाने दिली, तशीच छापून आली. गावच्या भावकीने ती वाचली, पण हा आपल्या सुतारांचा पोरगा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रक्षाविसर्जनाला गावचं एकही माणूस नव्हतं. बाराव्यानंतर चुलतभाऊ आला आणि दारात उभा राहून रडला. पेपर त्याने घडी घालून खिशात आणला होता.

तेव्हा विनंती अशी. निधन वार्तेत माणसाच्या राहत्या गल्लीबरोबर त्याचं मूळ गाव आणि गावातलं घराण्याचं नावही छापा. जाहिरात घेताना आपल्या माणसाने तेवढं एक विचारावं. जागा फार तर अर्धी ओळ लागेल. अर्ध्या ओळीचे जादा पैसे पडले तरी लोक देतील, मी दिले असते.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
शहापूर, बेळगाव