गाठीशिवाय टाका कसा धरतो

पुणे

प्रिय श्रीकांत,

तुझे प्रश्न दोनच. बार्ब्ड, म्हणजे दाते असलेला, धागा गाठ न मारता गर्भाशयाच्या भिंतीत कसा टिकतो, आणि दुर्बिणीतून मायोमेक्टॉमी (गर्भाशयातला फायब्रॉइड काढण्याची शस्त्रक्रिया) करताना त्याला कुठे जपायचं. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं अर्धं आपोआप मिळतं, म्हणून धाग्यापासूनच सुरुवात करतो.

माळावरून चालताना पायमोज्यात घुसणारं कुसळ तुला माहीत आहे. पुढे ढकललं की सरकतं, मागे ओढलं की रुततं. या धाग्याचे दाते तेच करतात. अशा एका धाग्याचं नाव क्विल, इंग्रजीत साळिंदराचा काटा, पण काट्याला दाते असतात ते उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या. आपल्याकडच्या साळिंदराचा काटा गुळगुळीत असतो, त्यामुळे आपल्याला कुसळाचीच उपमा बरी.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन अल्कामो यांना अशा धाग्याचं पेटंट 1964 मध्ये मिळालं. 1967 मध्ये मॅकेन्झी यांनी हाताच्या फ्लेक्सर टेंडनसाठी (बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोरीसारख्या टोकांसाठी) दाते असलेल्या नायलॉनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. क्विलला अमेरिकेत परवानगी मिळायला मात्र 2004 उजाडलं.

साध्या धाग्यात सगळा भार शेवटी गाठीवर येतो, आणि धागा तुटतो तोही बहुधा गाठीपाशीच, कारण तिथे तो तीव्र वळतो आणि स्वतःवरच दाबला जातो. शिवाय जखमेतला परका माल सगळ्यात दाट तिथेच साठतो. बार्ब्ड धाग्यात हा भार शेकडो दात्यांवर वाटला जातो. व्ही-लॉक नावाच्या बार्ब्ड धाग्यात सेंटिमीटरला 20 दाते असतात. एकेक दाता अगदी थोडाच भार पेलतो, म्हणून मागे दात्यांची पुरेशी लांबी ऊतीत रुतलेली नसेल तर शेवटचा टाका सैल पडतो.

आता दाता बनतो कसा ते बघ. एकपदरी धाग्याला तिरका छेद देतात आणि सुटलेली चीप हाच दाता. (वेणीच्या धाग्याला असा छेद दिला तर पदर विस्कटतील.) छेदाची खोली आणि तिरकेपणा ही दोनच मापं, पण सगळी ओढाताण त्यांच्यातच आहे. खोल छेदाचा दाता दणकट होतो, पण मधला गाभा बारीक होतो. व्यासाच्या चौथ्या भागाइतकं कापलं तर त्या जागी छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 20% घटतं, आणि छेदाच्या मुळाशी ताण एकवटतो तो वेगळाच. म्हणून दाते मळसूत्रासारखे फिरवत मांडतात, एकाच जागी समोरासमोर दोन छेद येऊ देत नाहीत. काही नव्या धाग्यांत, उदाहरणार्थ स्ट्रॅटाफिक्स सिमेट्रिकमध्ये, दाते कापण्याऐवजी दाबून घडवतात, त्यामुळे गाभा शाबूत राहतो. फॅशियासारख्या (स्नायूंवरच्या चिवट पडद्यासारख्या) ताणाच्या थराला मला हीच रचना जास्त पटते.

तिरकेपणाबद्दल नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या इंगळे आणि किंग यांचं 2010 चं काम बघण्यासारखं आहे. शून्य नंबरच्या (नंबर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिप्रॉपिलीन धाग्यावर छेदाची खोली दोन्ही वेळा 0.18 मिमी ठेवून त्यांना टेंडनसाठी 150 अंशाचा छेद सरस ठरला, कातडीसाठी 170 अंशाचा. म्हणजे सुरी धाग्याशी एकदा 30 अंशांत शिरली, एकदा 10 अंशांत. गणित मांडलंस तर पहिला दाता जेमतेम 0.36 मिमी लांब, दुसरा 1 मिमीच्या थोडा वर. टेंडनला आखूड, ताठ दाता हवा, कातडीला लांब आणि लवचिक. तेव्हा ‘सगळ्याला चालतो’ म्हणून धागा विकणाऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस.

नंबरातही एक खोच आहे. छेद दिल्यावर मजबुती घटते, त्यामुळे कुणी कापण्याआधीच्या जाडीवरून नंबर देतं, कुणी नंतरच्या मजबुतीवरून. दोन कंपन्यांचे 2-0 नंबरचे धागे एकसारखे समजू नकोस, पाकिटावरचा तक्ता वाच. शरीरात विरघळण्याचंही तसंच. व्ही-लॉक 90 मध्ये 14 दिवसांनी सुमारे 75% ताकद उरते, व्ही-लॉक 180 मध्ये 21 दिवसांनी सुमारे 65%. मायोमेट्रियमला, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूच्या थराला, मी दुसराच म्हणेन.

सुरुवात कशी करायची हे धागा एकदिशी की दुदिशी यावर ठरतं. एकदिशी धाग्याला एका टोकाला सुई, दुसऱ्याला छोटा फासा. जखमेच्या कोपऱ्यात पहिला टाका घे, सुई फाशातून काढ, फासा ऊतीला टेकेपर्यंत ओढ. दुदिशीला दोन्ही टोकांना सुया, आणि मधल्या बिनदात्यांच्या तुकड्यापासून दाते दोन बाजूंना उलटे होतात. तो जखमेच्या मध्यावर घालायचा. मधला तुकडा आत जाऊन धागा अडला की एक सुई डावीकडे, एक उजवीकडे.

खरा फायदा इथून पुढे. टाका ओढून बसवला की तो तसाच राहतो, मदतनिसाला धागा ताणून धरावा लागत नाही. रक्तस्राव होणाऱ्या गर्भाशयात हे मोलाचं. पण ओढायचं ते टाक्याच्या रेषेतच, आणि दर दोन-तीन टाक्यांनी. जास्त आवळलंस तर ऊती चुण्या पडून पांढरी पडेल, आणि तो टाका तुला सैल करता येणार नाही. या धाग्यात मागे फिरणं नाही. चुकलाच तर धागा कापायचा आणि दात्यांच्या दिशेनं, म्हणजे सुईच्या बाजूनं, पुढे ओढून काढायचा.

शेवटी जखम संपल्यावर दोन टाके उलट दिशेनं घे आणि धागा ऊतीला लागून काप. दिशा बदलली की धागा वळसा घेतो आणि सुटणं अवघड होतं. शेपूट ठेवायचं नाही. साध्या धाग्याला आपण सवयीनं थोडं टोक सोडतो, इथे तीच सवय अंगाशी येते. पोटात उघडं राहिलेलं टोक लहान आतड्याला किंवा त्याच्या मेसेंटरीला (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्याला) अडकून आतडं बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, मायोमेक्टॉमीनंतरच्याही. पोट फुगणं, उलट्या, वायू न सरणं असं पहिल्या काही आठवड्यांत दिसलं तर या धाग्याची आठवण ठेव. वरचा थर असा शिव की सेरोसा (गर्भाशयावरचं पातळ आवरण) आत वळेल आणि दाते कमीत कमी उघडे राहतील.

नीडल होल्डरनं (सुई धरायच्या चिमट्यानं) धागा मधे पकडू नकोस. तिथले दाते चेपतात आणि तेवढा तुकडा साध्या धाग्यासारखा सरकतो. पकडायचं ते सुईलाच. गॉज आणि ड्रेपपासून (रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडापासून) धागा दूर ठेव, तंतू दात्यांत अडकून आत जातात. सुई धाग्याच्या मानानं फार जाड असेल तर तिनं केलेलं भोक दात्यांभोवती मिटत नाही आणि पकड बसत नाही. सुजलेल्या, ठिसूळ ऊतीतही धागा ऊती फाडत पुढे येतो, तिथे सरळ गाठ मार. त्वचेखालून शिवताना फार वरून गेलास तर दाते काही आठवड्यांनी बाहेर डोकावतात.

पहिल्या केसआधी कोंबडीच्या मांडीवर, कातडीसकट, 10 सेंटिमीटरची चीर दे. एकदा शेवटी उलटे टाके घेऊन शिव, एकदा न घेता. दोन्ही टोकं चिमट्यानं उलट ओढून बघ आणि काय दिसलं ते कळव.

तुझा,
अनंत